गुडघ्याएवढा कोनाडा

"साबणाचा कोनाडा गुडघ्याएवढ्या उंचीवर? रोज वाकायचं की काय?" नव्या बाथरूमच्या दारातूनच मी ओरडले.

गवंडीकाम करणारे दिनकरमिस्त्री शांतपणे हात धूत होते. "वहिनी, कोनाड्याचं माप मी टेपनं घेत नाही. वापरणाऱ्याचा हात पोचतो, तिथं खूण करतो. तुम्ही शाळेत होता, म्हणून आजींना विचारलं."

म्हणजे सासूबाईंना! आणि त्यांनी स्टुलावर बसून हात पुढे केला होता. पाचगणीच्या थंडीत आमची जुनी बाथरूम इतकी गारठायची, की गेला हिवाळाभर त्यांनी ओल्या टॉवेलनं अंग पुसून दिवस काढले. त्यांच्यासाठीच तर या वेळी मी भिंतीच्या फरशीमागे थर्माकोल घालून घेतलं होतं. पण कोनाडा? "रविवारी येऊन फोडा," मी बजावलं.

रविवारी सकाळी सासूबाई आधी शॉवरखाली गेल्या. अर्ध्या तासानं आतून आवाज आला, "अगं, बसल्या जागी साबण हाताला येतो! भिंतीला पाठ टेकली तरी शहारा येत नाही!"

त्यांच्यानंतर मी गेले. साबणासाठी दोनदा वाकले, वैतागले आणि शेवटी त्यांच्याच स्टुलावर बसले. डोक्यावर गरम पाणी, पाठीला उबदार भिंत, हाताशी साबण. उठवेना.

दार वाजलं.

"मिस्त्री आले असतील तर चहा देऊन परत पाठवा!" मी ओरडले.

"केव्हाच पाठवलं," सासूबाई म्हणाल्या. "तू बाहेर ये. मला परत आंघोळ करायचीय."