मिठाच्या पाण्याचा बाष्पदाब

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी शेवटचा प्रश्न टाकला, "पाण्यात मीठ विरघळवलं की त्याचा बाष्पदाब कमी का होतो?"

पाठ केलेलं उत्तर ऐन वेळी दगा देऊन गेलं, तेव्हा मुलीने घरचाच दाखला दिला. "आमची आत्या दारात खुर्ची टाकून बसते, मॅडम. मग बाहेर सटकणारे आपोआप कमी होतात. मीठही तसंच पृष्ठभागावर जागा अडवून बसतं. पाण्याच्या कणांना वाफ होऊन निसटायला वावच कमी राहतो."

मॅडम हसल्या. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि मुलगी बाहेर पडताच घरी लेकीला फोन लावला.

"संध्याकाळी मैत्रिणींबरोबर जायचं म्हणत होतीस ना? जाऊन ये. मी आज आतल्या खोलीत बसेन."