गाड्याचा कणा

पहिला फटका ज्योतीरामच्या खांद्यावर बसला. बापाच्या हातात शर्यतीच्या बैलगाड्याचा लोखंडी कणा होता, चऱ्हाटासारखा पिळवटून मोडलेला. एकाहत्तरच्या लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेल्या जीपला ट्रकचं इंजिन बसवून ज्योतीरामनं गोठ्यामागं शर्यतीची मोटार बनवली होती. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारा तिचा फिरता शाफ्ट तुटला, तेव्हा त्यानं गाड्याचा हाच कणा चोरला, पिंपरीच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता तिथं लेथवर तासला आणि जोडला. आज दिघीच्या माळावर मोटार पळवताना तोही मोडला. “उद्या जत्रंत गाडा कशावर पळवू, मुडद्या? तुझ्या बरगड्यांवर?” दुसऱ्या फटक्यानं कपाळ फुटलं. “कणा वझं सोसतो, पीळ न्हाई सोसत! येवढं कळंना व्हय?” तिसरा फटका ज्योतीरामनं हवेतच धरला, कणा हिसकावला आणि बापाच्या डोक्यावर उगारला. बाप जागचा हलला नाही. रक्तानं माखलेल्या पोराकडं बघत म्हणाला, “मार. पण पयलं सांग, मोडायच्या आदी बैलांपरीस जोरात पळाली का?”