फिशटँकला मिठी

भूकंपाच्या धक्क्यानं पडू नये म्हणून पाटणच्या घरात हिंदुरावांनी फिशटँक लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळला होता. खाली रबरी चटई घातली होती, पाणीही चार बोटं कमी ठेवलं होतं.

रविवारी सकाळी जमीन गुरगुरली तेव्हा ते थेट टँककडेच धावले आणि काच छातीशी धरून उभे राहिले. पाणी उसळून शर्ट भिजला. हादरे थांबले, तेव्हा एकही मासा बाहेर पडला नव्हता. त्यांना हायसं वाटलं.

मग अंगणातून आईचा आवाज आला. अंथरुणाला खिळलेल्या आईला त्यांच्या बायकोनं, शालननं, एकटीनं उचलून बाहेर नेलं होतं.

"हिंदू कुठाय गं?" आई विचारत होती.

शालननं उघड्या दारातून त्यांच्या ओल्या शर्टाकडं बघितलं.

"तुमच्या गोळ्या आणायला आत थांबलेत, आत्याबाई," ती म्हणाली.

"गुणाचं माझं लेकरू."

हिंदुराव आईच्या खोलीत गेले. कपाट उघडलं, उशी उचलली, खिडकीत बघितलं. गोळ्या कुठं ठेवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि बाहेर जाऊन विचारायचं धाडस होईना.