ओघळलेला ठिपका

सोमवारी सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, बारा बेडकांच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावून सुलभाने त्यांना सोडलं होतं. एकाच्या वेळी तिचा हात हलला आणि रंग त्याच्या डाव्या डोळ्यात ओघळला. ठिपक्याचे किती परत सापडतात यावरून एकूण बेडूक मोजायचे होते. गुरुवारी त्या मोजणीसाठी तिने चाळीस बेडूक पकडून बादलीत टाकले, तर सगळ्यांचाच ठिपका डाव्या डोळ्यात ओघळलेला.

"धाकूकाका, हे कसं झालं?" तिने वाटाड्याला विचारलं.

"परवा वनखात्याचं यंत्र आलेलं, मॅडम. बेडूक कमी झाले म्हणून एक उचलला नि त्याच्यावरून हे बनवले. रंगासकट."

तक्त्यात तिने चाळीस लिहिलं, खोडलं, एक लिहिलं, तेही खोडलं. मग बादलीत पाहिलं. चाळीसच्या चाळीस बेडूक डावा डोळा मिटून बसले होते.