डोक्याखालचा हात

"हात काढशील तं नाही ना वं पोरी?"

"नाही काढत मावशी. तुम्ही म्हणसान तवाच काढीन."

तानुबाई घाबरत घाबरत पाण्यावर उताण्या झाल्या. त्यांच्या डोक्याखाली प्रेरणाचा तळहात होता. कान पाण्यात गेले तसे मेहकरच्या रस्त्यावरचे हॉर्न विझले, मळ्याची काळजी विझली, घरच्या कटकटी विझल्या. पोहण्याच्या तलावाच्या निळ्या पाण्यात उतरतीचं ऊन डुलत होतं. तानुबाईंचे डोळे आपोआप मिटले.

आज प्रेरणाची पोहणं शिकवणारी व्हायची परीक्षा होती. पाण्याला भिणाऱ्या माणसाला तरंगायला शिकवायचं आणि वेळ संपायच्या आत हात काढून दाखवायचा. पास झाली तर उन्हाळ्यातला बायकांचा एक वर्ग तिचा. नापास झाली तर डोणगावला परत, आणि तिथे घरचे स्थळं बघून तयारच होते.

काठावर सुवर्णामॅडम शिट्टी घेऊन उभ्या होत्या. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी पोरींच्या डोक्यांची वर्गवारी करून टाकली होती. काही आधी उडी मारतात, मग विचार करतात. काही इतका विचार करतात की उडी राहूनच जाते. प्रेरणा कुठल्या गटात, हे सांगायला नकोच.

"शिकणाऱ्याले कळू न देता हात काढायचा," मॅडम बजावत. "माह्या बापानं विहिरीत असाच काढला होता. म्हणून तं मी शिकली!"

मॅडम पाण्यात उतरल्या की बघत राहावं, असं पोहत. उताणं तरंगणं मात्र त्या कायम काठावरूनच सांगत. एवढी पट्टीची पोहणारी बाई, तिनं असलं सोपं काय करून दाखवायचं, असं पोरींना वाटे.

बाकीच्या सगळ्या जणी गुपचूप हात काढून पास झाल्या होत्या. त्यांच्याकडं शिकायला आलेल्या बायकांनी गटांगळ्या खाल्ल्या, आरडाओरडा केला आणि शेवटी तरंगल्या.

मॅडमनी खूण केली. काढ.

प्रेरणानं खाली पाहिलं. तानुबाईंच्या चेहऱ्यावरची सगळी वर्षं पाण्यानं धुऊन नेली होती. पाळण्यातलं मूल झोपावं तशा त्या निवांत होत्या. क्षणभर खोटं वागलं की काम फत्ते. पण तिचा हात काही हलेना.

शिट्टी वाजली.

"काऊन नाही काढला?"

"त्यायले शब्द देल्ला होता, मॅडम."

"नापास."

प्रेरणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तळहात तसाच होता. बऱ्याच वेळानं तानुबाई डोळे न उघडताच पुटपुटल्या, "काढ आता." तिनं हात काढला. तानुबाई तरंगत राहिल्या, पाण्यावर पडलेल्या पिंपळपानासारख्या. ना गटांगळी, ना आरडाओरडा.

मग बाकी सगळ्या जणी घरी गेल्या. प्रेरणा नाक पुसत ओले टॉवेल गोळा करू लागली. मागे पाणी वाजलं म्हणून तिनं वळून पाहिलं. शिट्टी काठावर पडली होती आणि मॅडम छातीभर पाण्यात उभ्या होत्या. एका हातानं त्यांनी काठ घट्ट धरला होता.

"इकडं ये," त्या हळूच म्हणाल्या. "माह्या डोक्याखाली हात धर. अन् मी सांगतल्याशिवाय काढू नको."