ओट्याची उंची

ग्लेनिसचं लग्न १९८४ च्या ऑक्टोबरात झालं आणि ती पर्थला नांदायला गेली. पुढच्या जानेवारीत तिची आई थेल्मा उघड्याबोडक्या स्वयंपाकघरात उभी होती आणि मर्व्ह गुडघ्यांवर बसून भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारत होता. मर्व्ह म्हणजे थेल्माच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या याच वॉलरू गावचा सुतार.

"अजून वर," थेल्मा म्हणाली.

"मावशी, माप चुकतंय तुझं."

"वर घे म्हटलं ना."

तो उठला. दंडाला धरून त्याने तिला भिंतीशी उभी केली. थेल्मा पुरती पाच फूटही नव्हती. रेघ तिच्या छातीच्या जरा खाली आली.

"बघ. पेस्टीचं पीठ काय हनुवटीने मळणार? का सर्कशीत नाव घातलंयस?"

शाळेच्या कँटीनमध्ये वीस वर्षं राबून तिने दोन हजार डॉलर बाजूला टाकले होते. त्यात सगळं बसवायचं होतं. कपाटं शेजारच्या कडिना गावातल्या दाताच्या डॉक्टरने टाकायला काढलेली. काढून नेली म्हणून फुकट मिळाली. ओट्याची फळी मोहरीच्या रंगाची. दुकानदाराकडे चुकून आलेली, कुणी घेईना, म्हणून अर्ध्या किमतीत पडली. भिंतींचा जुना रंग थेल्माने स्वतः खरवडला होता. पण ओटा एवढा उंच करायचा तर कपाटांखाली जाड लाकडाचे ठोकळे हवेत, आणि चांगलं लाकूड फुकट कुणी देत नाही. तिने यादी काढली आणि समुद्राकडच्या मोठ्या खिडकीवर काट मारली.

"ती खिडकी?" मर्व्ह ओरडलाच. "मी पोर होतो तेव्हापासून तू त्या खिडकीचं बोलतेस. आणि ती सोडून हे ठोकळे? भलतंच काय गं! तुझा हात तरी पोचणार आहे का वर?"

"मला कुठे पोचायचंय?" थेल्मा म्हणाली. "ॲडिलेडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, यंदाचा ख्रिसमस काही मी बघत नाही. इथे क्लॅरी उभा राहणार आहे."

मर्व्हने पेन्सिल खाली ठेवली.

"काकांना माहीत आहे?"

"मी ॲडिलेडला शेगडी बघायला गेले होते, एवढंच त्याला माहीत आहे. तेवढंच राहू दे. घे, रेघ मार."

तिचा नवरा क्लॅरी सव्वासहा फूट. धक्क्यावर गव्हाची पोती वाहून वाहून त्याची पाठ कामातून गेली होती. जुन्या ओट्याशी वाकून चार बश्या विसळल्या की तो कमरेवर हात ठेवून खुर्ची शोधायचा. त्याचा भाऊ लेसही असाच होता. बायको गेल्यावर लेसने चुलीला हात लावला नाही. दोन वर्षं डब्यातलं थंडगार खाल्लं, वर बिअर प्यायली, आणि एका रविवारी शेजाऱ्यांनी दार फोडून त्याचं प्रेत बाहेर काढलं. मरणाचं थेल्माला एवढं काही वाटत नव्हतं. क्लॅरीचा लेस होईल, ही धास्ती मात्र तिला सोडत नव्हती.

मार्चमध्ये काम पुरं झालं. ओट्यावर सुरी ठेवून थेल्माने जाहीर केलं, की तिचा हात दुखतो.

"पस्तीस वर्षं जेवू घातलंस आणि आता वसुली करतेस होय, म्हातारे?" क्लॅरी म्हणाला.

"तोंड कमी चालव. कांदा बारीक चीर."

ती खुर्चीत बसून सांगायची, तो करायचा. पहिली पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजीच, ओव्हनमध्ये फुटली. थेल्माने ती उलटीपालटी करून पाहिली. "ही पेस्टी म्हणायची का गाडीखाली आलेलं कांगारू?" क्लॅरी हसून हसून खोकायला लागला. दुसरी कच्ची राहिली. तिसरी मर्व्हच्या कुत्र्याने खाल्ली, तीही विचार करून. पण गडी हट्टी. मे महिना सरेपर्यंत त्याला रस्सा जमला, मटण भाजता यायला लागलं, आणि एका संध्याकाळी त्याने तिच्यापुढे पेस्टी ठेवली. कडा घट्ट मुडपलेल्या, कोपऱ्यावर पेस्टीच्या रीतीप्रमाणे तिच्या नावाचं पहिलं अक्षर. तिने एक घास घेतला आणि मग सगळीच संपवली. तिचं लक्ष मात्र त्याच्या पाठीकडे होतं. तासभर तो ओट्याशी उभा होता, आणि एकदाही त्याचा हात कमरेवर गेला नव्हता.

रविवारी चर्चमधून निघताना तिने मर्व्हला बाजूला घेतलं. "झालं बाबा माझं काम," ती म्हणाली. "आता मी केव्हाही मोकळी."

क्लॅरी हॉस्किंग वारला त्याच वर्षी, ऑगस्टच्या नऊ तारखेला, शुक्रवारी सकाळी, ओट्याशी ताठ उभा राहून बटाटे सोलता सोलता. छातीत एक कळ आली, तेवढंच निमित्त. महिन्याभराने मर्व्ह हत्यारं घेऊन आला. ठोकळे काढतो, ओटा खाली घेतो म्हणाला. थेल्माने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. थेल्माचं दुखणं जिथल्या तिथे बसून राहिलं. डॉक्टरांनी नाही म्हटलेला ख्रिसमस आला, त्याच्या पुढचाही आला, आणि ती लाकडी खोक्यावर चढून एकटीपुरतं शिजवत राहिली. थेल्मा हॉस्किंग वारली १९९७ च्या मे महिन्यात.