ताण सोसलेलं बीड

“ब्लॉकला पट्ट्या नकोत, मेस्त्री,” यशोधरा हेल्मेट उचलत म्हणाली. “नव्या ब्लॉकला आधार लागतो. हा बाबांचा आहे.”

मेस्त्रींनी मान डोलावली. जिवंत बिडाचा इंजिन ब्लॉक हाडासारखा असतो. जितका ताण सोसेल, तितक्या त्याच्या भिंती जाड होत जातात. आणि हा ब्लॉक कित्येक वर्षं दर रविवारी शर्यतीत पळत आलाय, असं सगळं घर समजत होतं.

तिचे वडील भार्गवराव शेजारीच उभे होते. तरुणपणी पहिल्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत त्यांनी भीतीने गाडी बाहेर काढली होती. तेव्हापासून दर रविवारी ते गाडी धरणावर नेत, इंजिन बंद करत आणि संध्याकाळपर्यंत पाण्याकडे बघत बसत. ब्लॉकच्या भिंती कारखान्यातून आल्या तशाच पातळ होत्या. आजच्या शर्यतीत पोरगी इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब दुप्पट करणार होती. ब्लॉक फुटला तर गाडीच पेटणार होती.

‘थांब’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. भोवती माणसं होती. मग इंजिनाला कुंकू लावायचं म्हणून ते बॉनेटखाली वाकले आणि टर्बोच्या पाइपची क्लिप त्यांनी हळूच ढिली केली.

शर्यतीत टर्बोने दाब धरलाच नाही. गाडी सगळ्यांत शेवटी आली. यशोधराच्या हेल्मेटवर बाबांचा जुना नंबर रंगवलेला होता. उतरताना तिने तो तळव्याने झाकला.

“बाबा, तुमचं नाव घालवलं मी.”

तिच्या पाठीवर ठेवायला त्यांनी हात उचलला. बोटांवर कुंकवात कालवलेलं काळं ग्रीस होतं. त्यांनी तो हात खिशात घातला.